ऐकणाऱ्याच्या बाजूने

वक्तृत्वावरील पुस्तकांत श्रोत्यांचे नानाविध प्रकार सांगितलेले असतात. उत्सुक श्रोते, उदासीन श्रोते, विरोधी श्रोते. रविवारी सकाळी धर्मग्रामाच्या देवळात जमणाऱ्या श्रोत्यांचा मात्र यांपैकी कोणत्याही प्रकारात समावेश होत नाही. हे लोक वक्त्याला ऐकण्यासाठी आलेले नसतात. ते मिस्सेला आलेले असतात आणि वाटेत त्यांना आमचे प्रवचन लागते, जसे वसईहून चर्चगेटला निघालेल्या प्रवाशाला अंधेरी लागते. ते टाळ्या वाजवीत नाहीत, प्रश्न विचारीत नाहीत, आवडले नाही म्हणून उठूनही जात नाहीत. पुढच्या रविवारी तेच लोक त्याच बाकांवर पुन्हा येऊन बसतात. राजकीय पुढारी गावोगाव एकच भाषण करू शकतो. व्याख्यानमालेतला वक्ता एका विषयावर वर्षभर महाराष्ट्र पालथा घालू शकतो. धर्मगुरूला ती सोय नाही. त्याचे गाव एक, श्रोते तेच, आणि रविवार बावन्न.

एक साधा हिशेब मांडू. देवळात पाचशे माणसे बसली आहेत आणि आम्ही दहा मिनिटे बोललो असे धरा. भिंतीवरच्या घड्याळात दहाच मिनिटे झाली, परंतु प्रत्येकाची दहा मिनिटे मोजली तर ती पाच हजार होतात, म्हणजे त्र्याऐंशी तासांहून अधिक. एका माणसाच्या दहा दिवसांच्या कष्टाचे तास आम्ही एका प्रवचनात खर्च करतो. हे तास कोणाचे? रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट देवळात आलेल्या परिचारिकेचे. आठवडाभर पहाटेची लोकल धरणाऱ्या आणि आज तरी अंमळ उशिरा उठू पाहणाऱ्या बापाचे. आठ दिवस अबोला धरून एकाच बाकावर बसलेल्या नवरा-बायकोचे. दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीचे. अशा माणसांपुढे उभे राहून नुकतेच वाचून झालेले शुभवर्तमान पुन्हा आपल्या शब्दांत सांगत बसणे म्हणजे पाहुण्याने आणलेली केळ्यांची फणी त्यालाच वाढण्यासारखे आहे.

हे दुखणे आजचे नाही. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्राशियस नावाच्या एका डीकनने हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांच्याकडे गाऱ्हाणे घातले होते. ख्रिस्ती श्रद्धेची तोंडओळख करून घेण्यास येणाऱ्या लोकांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. बोलता बोलता आपले बोलणे आपल्यालाच रटाळ वाटू लागते, मग ऐकणाऱ्यांचे काय होत असेल, ही त्याची चिंता. ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल एक छोटे पुस्तकच लिहिले. कार्थेज, रोम आणि मिलान या नगरांत त्यांनी वक्तृत्वाचे अध्यापन केले होते, म्हणजे या विषयातले ते अधिकारी पुरुष. तरीही आपले स्वतःचे बोलणे आपल्याला बहुधा समाधान देत नाही, असे त्यांनी त्या डीकनला मोकळेपणाने सांगितले. मनात जे लख्ख दिसते ते जिभेवर येईपर्यंत मंदावते, हे त्यांना ठाऊक होते. त्या पुस्तकातील आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक अगदी घरगुती सूचना. ऐकणारा जांभया देऊ लागला तर तो उभा राहून थकला आहे काय ते पाहावे आणि त्याला बसायला द्यावे. त्यांच्याकडे आफ्रिकेत लोक उभ्यानेच ऐकत असत. समुद्रापलीकडच्या काही देवळांत लोकांना आसने असतात, ती पद्धत अधिक शहाणपणाची आहे, असे त्यांनी नमूद केले आहे. एवढा थोर तत्त्वज्ञ आणि वक्त्याला सांगतो काय, तर समोरच्याचे पाय दुखत आहेत काय ते बघ.

आमच्याकडे बाक भरपूर आहेत. तरीही काही पुरुष मंडळी दरवाजाबाहेर आंब्याच्या झाडाखाली उभी राहूनच मिस्सा ऐकतात. ही प्रथा कोणत्या धर्मपरिषदेने घालून दिली याचा शोध आम्ही अजून घेत आहोत. प्रवचन सुरू झाले की झाडाखालची संख्या वाढते, श्रद्धेची घोषणा सुरू झाली की ओसरते. यांच्यावर रागावणारे धर्मगुरू आम्ही पाहिले आहेत. आमची रीत निराळी आहे. प्रवचनाची तयारी करताना आम्ही पहिल्या बाकावरच्या भाविक आजीला डोळ्यांपुढे आणीत नाही. ती तशीही ऐकणारच आहे. आंब्याखालचा, खिशात हात घालून उभा असलेला तरुण आम्ही डोळ्यांपुढे आणतो आणि त्याने कान द्यावा असे आपल्यापाशी या आठवड्यात काय आहे, असे स्वतःला विचारतो.

सेमिनरीत प्रवचनशास्त्राचा तास असे. एकेकाने उभे राहून दहा मिनिटे बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. आमचे वृद्ध अध्यापक वक्त्याला काहीच सांगत नसत. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कागदाचा एक तुकडा देत आणि जे ऐकले ते एका वाक्यात लिहावयास लावीत. मग ती वाक्ये मोठ्याने वाचली जात. अठरा जणांची अठरा निराळी वाक्ये निघत, आणि दोघे-तिघे तर वक्त्याने उच्चारलेलीच नसलेली गोष्ट लिहून देत. अध्यापक चष्मा पुसत म्हणत, 'ब्रदर, तुम्ही आज अठरा प्रवचने केलीत. आता त्यांतले एक निवडा.' तीस वर्षांनंतरही ते कागदाचे तुकडे आमच्या पाठीशी आहेत.

म्हणून आमच्या आठवड्याचा क्रम असा. सोमवारी येत्या रविवारची वाचने आम्ही मोठ्याने वाचतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात रविवारच्या मिस्सेतील प्रवचन गंभीर कारणावाचून गाळू नये असे सांगितले आणि पवित्र ग्रंथाचे भांडार लोकांसाठी अधिक उदारपणे उघडण्याचा आदेश दिला. त्यातून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आले: मत्तयाचे वर्ष, मार्काचे वर्ष, लूकचे वर्ष. याचा अर्थ असा की एकच उतारा तीन वर्षांनी परत भेटीस येतो आणि जुन्या वहीत त्यावरचे प्रवचन तयार असते. परंतु मधल्या तीन वर्षांत उतारा तोच राहिला असला तरी बाकांवरची माणसे तीच राहिलेली नसतात. कोणी विधवा झालेली असते, कोणाची वाडी बिल्डरकडे गेलेली असते, कोणाचा एकुलता मुलगा कॅनडाला स्थायिक झालेला असतो. मंगळवारी आणि बुधवारी आम्ही आजाऱ्यांच्या घरी जातो. तिथे उताऱ्याविषयी कोणीही बोलत नाही. कंबरदुखीविषयी, सुनेविषयी, टँकरच्या पाण्याविषयी बोलतात. आमच्या प्रवचनाचा खरा मजकूर याच दोन दिवसांत मिळतो, हे त्या आजाऱ्यांना ठाऊक नसते.

गुरुवारी एक वाक्य लिहितो. ते जमेपर्यंत पुढे जात नाही. शुक्रवारी त्या वाक्याभोवती जे काही जमले असेल त्यातले निम्मे खोडतो, आणि हेच काम सर्वांत जड जाते, कारण खोडावे लागते ते बहुधा आपले लाडके असते. कोठेतरी वाचलेला चटकदार किस्सा. एखाद्या ब्रह्मज्ञान्याचे वचन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ. ग्रीक शब्द हा धर्मगुरूचा दागिना आहे. लग्नाला घालावा, शेतावर जाताना घरी ठेवावा. शनिवारी दुपारी रिकाम्या देवळात उभे राहून सारे मोठ्याने बोलून पाहतो. देवळाची व्यवस्था पाहणारे काका शेवटच्या खांबापाशी झाडू घेऊन उभे असतात. ऐकू आले नाही की ते हात वर करतात. समजले नाही तरीही हात वर करतात, आणि हा दुसरा हात आम्हांला अधिक उपयोगी पडतो.

काकांचा हात बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी वर जातो. याचे कारण आम्हांला फार वर्षांपूर्वी उमगले आणि ते आपल्या भाषेच्या घडणीतच आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येते आणि नकार तर त्याच्याही पुढे. बोलणाऱ्याचा श्वास नेमका तिथेच सरतो. 'देव तुम्हांला टाकून देत' इथपर्यंत आवाज ठणठणीत, आणि 'नाही' हनुवटीखाली गडप! शेवटच्या बाकावरच्या माणसाने घरी काय न्यावे? इंग्रजीत वाक्याचा होकार-नकार लवकर उरकलेला असतो. शेवटचा शब्द बुडाला तरी अर्थ तरतो. इंग्रजी पुस्तकांवरून वक्तृत्व शिकलेल्या आम्हा मंडळींना ही गोष्ट कोणी सांगत नाही. मराठी वक्त्याने श्वास शेवटच्या शब्दासाठी राखून ठेवला पाहिजे आणि त्या शब्दानंतर क्षणभर थांबले पाहिजे, कारण उंच छताच्या देवळात आवाज घुमतो आणि आधीचा शब्द विरण्यापूर्वी पुढचा त्यावर जाऊन आदळतो. जुन्या देवळांत पुलपिट वेदीपाशी नसून सभामंडपाच्या मध्यावर भिंतीला लावलेले आणि वर लाकडी छत असलेले दिसते. ते छत निव्वळ शोभेचे नव्हे. आवाज वर तुळयांत हरवू नये, खाली लोकांकडे वळावा, यासाठी ते असे. मायक्रोफोन आला आणि आम्ही आळशी झालो. त्याने आवाज मोठा होतो, उच्चार स्पष्ट होत नाहीत.

श्रोत्यांच्या कानाचा विचार करण्याची परंपरा आपल्या भूमीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणासाठी ओवी निवडली, कारण साष्टीच्या लोकांचे कान पुराण ऐकण्यास सरावलेले होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तकथा कीर्तनाच्या वाटेने सांगितली. नारदीय कीर्तनाची बांधणी मोठी विचारपूर्वक केलेली आहे. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आधी डोक्याला खाद्य, मग डोळ्यांपुढे गोष्ट. परंतु आमच्या मते या बाबतीत सर्वांत मोठे गुरू गाडगेबाबा. १८७६ साली जन्मलेला आणि १९५६ साली निवर्तलेला हा सत्पुरुष गावात आला की आधी हाती खराटा घेऊन गाव झाडून काढी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. वऱ्हाडी बोलीत तो लोकांना प्रश्न विचारी आणि लोक उत्तरे देत. त्याच्या कीर्तनातील विनोदाविषयी आणि विद्रोहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला विचार करावासा वाटतो तो त्या दिवसभराच्या झाडण्याचा. ज्याने दिवसभर गावाचा केर काढला आहे त्याला रात्री कोणते प्रश्न विचारावेत याची वेगळी टिपणे काढावी लागत नाहीत. कोणाच्या दारात काय पडले आहे ते त्याने पाहिलेले असते.

याच्या उलट टोकाला आम्ही ठेवतो तो धर्मग्रामाच्या सभागृहातला पांढरा पडदा. विवाहपूर्व शिबिरे, पालकसभा, धर्मशिक्षकांचे वर्ग, सर्वत्र आता प्रोजेक्टर आला आहे. वक्ता दिवे मालवावयास सांगतो, पडद्यावर बारीक अक्षरांत पंधरा ओळी झळकतात आणि लोकांकडे पाठ करून तो त्या वाचू लागतो. लोक त्याच्या आधी वाचून मोकळे होतात आणि मग अंधारात आपापल्या मोबाईलकडे वळतात. नकाशा दाखवावा, छायाचित्र दाखवावे, एखादे चित्र दाखवून गप्प राहावे, यास आमची हरकत नाही. पण आमच्या धर्मशिक्षकांना आम्ही एक परीक्षा घालून दिली आहे: वीज गेली असे समजा आणि तेच तीन मिनिटे लोकांकडे पाहून सांगा. पावसाळ्यात ही परीक्षा विद्युत मंडळच अधूनमधून घेते.

आता वेळेविषयी. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथील प्रसंग आहे. संत पौल यांना दुसऱ्या दिवशी निघावयाचे होते, म्हणून त्यांचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तेव्हा तो मृत होता. त्या माडीवर पुष्कळ दिवे जळत होते हे लूकने आवर्जून लिहिले आहे. दिव्यांची ऊब, धूर आणि दिवसभराचा शीण, तेव्हा सगळा दोष पोराचा नव्हता. पौल खाली गेले, त्यांनी त्याला कवेत घेतले आणि तो जिवंत झाला. त्यानंतर ते वर आले, भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिले! संत पौल यांच्यापाशी मेलेल्यास उठविण्याचे सामर्थ्य होते. ते ज्याच्यापाशी नाही त्याने लवकर थांबणे बरे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ च्या जाहीर भेटीत प्रवचनाला आठ मिनिटांची मर्यादा सांगितली. त्यापुढे लोकांचे लक्ष उडते, ते झोपी जातात, आणि त्यांचे काही चुकत नाही, असे ते म्हणाले. एक प्रतिमा, एक विचार, एक भावना एवढी शिदोरी पुरे, हेही त्यांचेच सांगणे. २०१३ सालच्या त्यांच्या प्रबोधनपत्रात तर प्रवचनांमुळे ऐकणारे आणि बोलणारे दोघेही सोसतात, असा खट्याळ शेरा आहे.

आठ मिनिटांचा हा नियम आमच्या धर्मग्रामात सर्वांच्या पचनी पडलेला नाही. आपल्याकडे लांबी हा मान समजला जातो. सणाचे प्रवचन लांब, कारण सण मोठा. मयताचे प्रवचन लांब, कारण मयत मोठे. आणि मयताचे प्रवचन हे या साऱ्या विद्येतले सर्वांत अवघड काम आहे. रविवारच्या तयारीला सहा दिवस मिळतात, याला एक रात्र. देवळात त्या दिवशी असे लोकही येतात जे एरवी आमचे श्रोते नसतात: कामावरचे सहकारी, शाळासोबती, हिंदू आणि मुसलमान शेजारी. आणि पहिल्या बाकावर अशी माणसे बसलेली असतात ज्यांना तुमचे शब्द जन्मभर आठवणार आहेत, किंवा जन्मभर टोचणार आहेत.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तेवीस वर्षांचा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. आदल्या रात्री नऊच्या सुमारास आम्ही त्याच्या घरी गेलो. घरात बायका रोझरी म्हणत होत्या. बाप ओट्याच्या कडेला बसला होता आणि कोणाशी बोलत नव्हता. अंगणात मुलाचे मित्र मंडपाचे दिवे बांधत होते. आम्ही त्यांच्यात जाऊन एका खुर्चीवर बसलो. काहीही विचारले नाही. अर्ध्या तासाने ती पोरे आपणहून बोलू लागली. तो वाडीतले विहिरींचे पंप दुरुस्त करीत असे. म्हाताऱ्या एकट्या बायकांकडून पैसे घेत नसे आणि मागितले तर 'पुढच्या वेळी' म्हणत असे. पुढची वेळ कधी येत नसे. रविवारी तो उशिरा येई आणि आंब्याखाली उभा राही. हे सांगताना मित्र ओशाळला. आम्हांला सांगण्याची गरज नव्हती, आम्ही त्याला रोज डोळ्यांपुढे आणीत होतो.

निघताना आई स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हणाली, 'फादर, उद्या तुम्ही बोलाल. देवाची इच्छा होती, एवढं मात्र म्हणू नका. सकाळपासून सगळे तेच म्हणतायत.' तिच्या मागे मुलाची आजी बसली होती. त्या आजीने आपली दोन लेकरे लहानपणीच पुरली आहेत आणि ती आजवर ज्या एका वाक्याच्या आधाराने उभी आहे ते हेच वाक्य. तिने मान वर करून सुनेकडे पाहिले आणि पुन्हा माळ ओढू लागली.

त्या रात्री आमच्या टेबलावर हा प्रश्न होता. सेमिनरीत आम्ही देवाची इच्छा आणि देवाची अनुज्ञा यांतील भेद शिकलो आहोत. भेद खरा आहे आणि वर्गात तो मांडायला एक तास पुरत नाही. शवपेटीच्या शेजारी तो मांडला असता तर आई तो ऐकू शकली नसती आणि आजीला तो कळला नसता. एकीला जे वाक्य नको होते तेच दुसरीचा आधार होते, आणि दोघी एकाच बाकावर बसणार होत्या. कोणाच्या बाजूने बोलावे? पहाटे दोनच्या सुमारास आम्ही योहानाचा अकरावा अध्याय उघडला. मार्था आणि मरिया या दोघी बहिणी, एकामागून एक, येशूला अगदी एकच गोष्ट बोलून दाखवितात: तो वेळेवर आला असता तर त्यांचा भाऊ मेला नसता. तक्रार तीच, शब्दही जवळजवळ तेच. मार्थाला तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरियेला तो काहीच समजावून सांगत नाही. लाजरला कोठे ठेवले आहे तेवढे विचारतो आणि रडतो. वाक्य एक, ऐकणाऱ्या दोन, उत्तरे दोन. आणि दोघींपैकी कोणालाही त्याने तक्रार केल्याबद्दल बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एवढेच सांगितले. मुलाचे पूर्ण नाव घेतले. विहिरींच्या पंपांची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाजूने कोणा म्हातारीचा हुंदका ऐकू आला. दोघी बहिणींची गोष्ट सांगितली आणि तिचा अर्थ सांगितला नाही. मग एक मिनिट गप्प राहिलो. पाचशे माणसांपुढे एक मिनिट काही न बोलता उभे राहणे याला फार तयारी लागते. हात कोठे ठेवावे तेही कळत नाही. सगळे मिळून सहा मिनिटे झाली.

मिस्सा पुढे चालली आणि प्रभूची प्रार्थना आली. त्या प्रार्थनेत देवाच्या इच्छेचे वाक्य आहेच. ते आमचे नव्हे आणि आम्हांला गाळता येत नाही. त्या वाक्यापाशी आजीचा आवाज इतरांपेक्षा वर चढला. आईचे ओठ मिटलेले होते. रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी ते पुन्हा हलू लागले.

सॅक्रिस्टीत मुलाचे मोठे मामा आम्हांला भेटावयास आले. त्यांचा चेहरा उतरला होता. 'फादर, तरण्या पोराचं मयत, आणि सहाच मिनिटं?' असे ते म्हणाले. आम्ही त्यांचा हात हातात घेतला. त्यांना नियम सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि भाच्याला मान कमी मिळाला हे त्यांचे दुःख आम्हांला खोटे वाटले नाही.

महिन्याच्या मिस्सेनंतर आई देवळातच थांबून राहिली. लोक गेल्यावर तिने विचारले की जिला येशूने काही समजावले नाही त्या बहिणीचे पुढे काय झाले. आम्ही तिला बारावा अध्याय सांगितला. मरिया मोलाचे सुगंधी तेल घेऊन येते, त्याच्या पायांना लावते, सारे घर सुवासाने भरून जाते. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, 'फादर, त्यांचा भाऊ परत आला होता.'

आम्ही 'हो' म्हणालो आणि बाकावर तिच्या शेजारी बसलो. बाहेर काका झाडलोट करीत होते.

लाजरचा तो उतारा मत्तयाच्या वर्षी, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, वाचनचक्रात फिरून येतो. त्या दिवशी ती डाव्या बाजूच्या चौथ्या बाकावर असते, आणि आम्ही सोमवारीच नवी वही घेऊन बसतो.